ठिपक्यांचा कोंबडा आणि कालचा भात

शिळा भात ताटात आला की नाक मुरडता का? मग तुम्हाला दोन देशांची ओळख करून द्यायलाच हवी. तिथे सकाळच्या न्याहारीला ताजा भात कुणी मागत नाही. भात कालचा हवा, घेवडाही काल शिजवलेला हवा, आणि दोघांची गाठ आज सकाळी कढईत पडायला हवी.

नकाशा उघडा. वर मेक्सिको, खाली दक्षिण अमेरिका आणि मध्ये जमिनीची एक निमुळती पट्टी. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. ही मध्य अमेरिका. सात देश इथे दाटीवाटीने बसलेत. त्यातले निकाराग्वा आणि कोस्टा रिका हे एकमेकांना खेटून असलेले शेजारी, आणि त्यांचा लाडका पदार्थ म्हणजे गायो पिंतो. स्पॅनिशमध्ये गायो म्हणजे कोंबडा आणि पिंतो म्हणजे ठिपकेदार. कोंबडीचा तुकडासुद्धा त्यात नसतो बरं का! आहे तो फक्त भात आणि घेवडा. दोन्ही देश ठासून सांगतात की पदार्थ मूळचा आमचा. सर्वांत मोठ्या कढईत गायो पिंतो कोण करतं, यावरून त्यांच्यात विक्रमांची चढाओढही झाली आहे.

निकाराग्वात लहान लाल घेवडा घेतात, कांद्यावर परततात, आणि भात थोडा कुरकुरीत होईपर्यंत तेलात हलवत राहतात. कोस्टा रिकात बऱ्याचदा काळा घेवडा असतो, सोबत लाल ढोबळी मिरची, मूठभर कोथिंबीर आणि तिथल्या घराघरात सापडणारा लिसानो नावाचा तपकिरी, आंबटगोड सॉस. हा सॉस १९२० च्या सुमारास तिथेच तयार झाला. ताटात शेजारी अंडं, तळलेलं पिकलं राजेळी केळं, मक्याची तोर्तिया आणि चीज किंवा आंबट साय. सकाळीच! शाळेत जायच्या आधी!

आपण हा पदार्थ घरी करणार आहोत. त्याला वेळ लागतो, म्हणून शुक्रवारी रात्री सुरुवात करा, म्हणजे रविवारच्या न्याहारीला गायो पिंतो तयार. कुकर, गॅस आणि गरम तेल यांच्याजवळ घरातलं मोठं माणूस हवंच. बाकी बघण्यासारखं, मोजण्यासारखं आणि प्रश्न विचारण्यासारखं सगळं काम तुमचं.

शुक्रवार रात्र : सुरकुत्यांचा खेळ

वाटीभर राजमा घ्या. लहान लाल दाणा मिळाला तर उत्तम, काळा राजमा मिळाला तर त्याहून उत्तम, कारण त्याच्याशी आपल्याला पुढे एक प्रयोग करायचा आहे. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडाही चालेल. त्याच्या गुलाबीसर अंगावर वाघासारखे पट्टे असतात. राजमा, वाघ्या घेवडा, निकाराग्वाचा लाल दाणा, कोस्टा रिकाचा काळा दाणा आणि आपण कोवळ्या शेंगांची भाजी करतो तो श्रावणघेवडा, हे सगळे एकाच जातीच्या वनस्पतीचे प्रकार आहेत. वाल आणि पावटा मात्र त्यांच्यातले नव्हेत, त्यांची जात वेगळी.

राजमा वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग भरपूर पाण्यात भिजवा आणि पाण्यात चमचाभर मीठ घाला. मीठ का, ते सांगते, पण आधी दहा दाणे बाजूला काढा. प्रत्येक दाण्याच्या पोटाशी एक छोटासा पांढरट डोळा दिसेल. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला होता, ती ही जागा. त्या डोळ्याला लागून सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पाच दाण्यांच्या डोळ्यांवर मेणबत्तीच्या मेणाचा थेंब टाकून घ्या, पाच तसेच ठेवा, आणि दहाही दाणे काचेच्या भांड्यात पाण्यात सोडा. अर्ध्या अर्ध्या तासाने बघत राहा. उघड्या डोळ्याचे दाणे लवकर सुरकुततील, मेण लावलेल्यांना उशीर होईल. कोरड्या दाण्याचं कवच इतकं घट्ट असतं की सुरुवातीला पाणी बहुतेक त्या डोळ्याच्या वाटेनेच आत शिरतं. (हे मेणाचे दाणे नंतर खायचे नाहीत.)

सुरकुत्या का पडतात? पाणी प्यायल्याने दाणा फुगायला हवा आणि ताणून गुळगुळीत व्हायला हवा, नाही का? होतंही तसंच, पण शेवटी. आधी पाणी पिते ती साल. ती पसरते, आतली डाळ मात्र अजून कोरडी आणि लहानच असते. म्हणून साल सैल पडून चुरगळते. काही तासांनी डाळीतही पाणी मुरतं, ती फुगते आणि सालीच्या सुरकुत्या पुन्हा नाहीशा होतात. सकाळी उठल्यावर पुन्हा वजन करा. साधारण दुप्पट भरेल.

आता मिठाचं. भिजवताना मीठ घातलं तर दाणा कडक राहतो असं पुष्कळांना वाटतं. खरं तर उलटं घडतं. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून धरणारा एक पदार्थ असतो, पेक्टिन. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला घट्ट करतात. मिठातलं सोडियम हळूहळू त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. यावरून आणखी एक कोडं सुटतं. बोअरच्या जड पाण्यात डाळी आणि कडधान्यं लवकर शिजत नाहीत हे तुम्ही घरी ऐकलं असेल. जड पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी! आणि आजी आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालते, त्यामागेही पेक्टिनच आहे. आंबट पाण्यात ते विरघळायला तयार नसतं. आजीने पेक्टिनचं नावही ऐकलेलं नसेल, तरी तिची पद्धत अगदी बरोबर आहे.

शनिवार : एक विष आणि एक रंग

सकाळी भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, पण काळा राजमा असेल तर आधी अर्धी अर्धी वाटी पाणी तीन काचेच्या पेल्यांत काढून ठेवा.

आधी विषाचं बघू, कारण ते महत्त्वाचं आहे. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. नाव भलंमोठं आहे आणि काम त्रासदायक. कच्चे चार-पाच दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. झाडाच्या दृष्टीने हे ठीकच आहे. बी म्हणजे त्याचं बाळ, ते किड्यांनी आणि प्राण्यांनी चघळून संपवू नये म्हणून ही सोय. उकळत्या पाण्यात हे विष मोडतं, पण पाणी खळखळ उकळायला हवं, आणि तेही निदान दहा मिनिटं, अर्धा तास तर उत्तम. मंद आचेवर नुसताच कोमट-गरम ठेवलेला राजमा मऊ झाला तरी धोक्याचाच असतो. म्हणून भिजवलेला राजमा तोंडात टाकायचा नाही, एक दाणासुद्धा नाही. आपल्या घरात कुकर आहे ही मोठी सोय. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि कितीही आच वाढवली तरी त्यापुढे जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. तिथे हे प्रथिन टिकत नाही आणि दाणेही पटकन शिजतात.

तेव्हा ताजं पाणी, लसणाच्या दोन पाकळ्या, थोडं मीठ, आणि कुकर. दाणा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे, पण फुटून पिठलं होता कामा नये. निकाराग्वात चुलीवर मोठ्या भांड्यात तासन् तास घेवडा रटरटत ठेवतात. शिजल्यावर जे दाट, गडद पाणी उरतं ते मुळीच फेकू नका. गायो पिंतोचा जीव त्या पाण्यात आहे.

आता ते तीन पेले. काळ्या राजम्याचं भिजवलेलं पाणी जांभळट दिसतं. पहिल्या पेल्यात लिंबू पिळा. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. तिसरा तसाच ठेवा, तुलनेसाठी. लिंबाचं पाणी गुलाबी-तांबडं होईल आणि सोड्याचं निळ्या-हिरव्याकडे झुकेल. काळ्या दाण्याच्या सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. जांभळाने जीभ रंगते तीही याच रंगद्रव्यांनी. आजूबाजूचं पाणी आम्ल आहे की अल्कली, त्यानुसार त्यांच्या रेणूंची ठेवण बदलते, आणि ठेवण बदलली की रंग बदलतो. आता सोड्याच्या पेल्यात थेंब थेंब लिंबू पिळत जा. फेस येईल, आणि रंग परत फिरताना दिसेल. हे पेले मात्र पिण्यासाठी नाहीत हं, त्यात कच्च्या राजम्याचं पाणी आहे!

दुपारी भात लावा. इथे तांदूळ निवडणं फार महत्त्वाचं. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर नको. दोन्ही चवीला सुरेख, पण शिजल्यावर शितं एकमेकांना चिकटतात. कोलम चालेल, बासमती चालेल. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी. भात झाला की परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये.

भात रात्री काय करतो?

हा सगळ्यात भारी भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तांदळाच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो. स्टार्चचे रेणू दोन तऱ्हेचे. अमायलोज लांब आणि सरळसोट, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचा. कच्च्या दाण्यात ते शिस्तीत रचलेले असतात, म्हणून दाणा दगडासारखा टणक. पाणी तापून ६५ ते ७५ अंशांवर गेलं की ही रचना मोडते. रेणूंमध्ये पाणी घुसतं, दाणा फुगतो, मऊ होतो, आणि काही अमायलोज बाहेर पडून दाण्यांवर चिकट थर तयार होतो. गरम भाताची मऊ मूद पडते ती यामुळे.

हा गरम भात कढईत टाकून परतला तर? गोळा होतो. चमच्याने मोडायला जाल तर लगदा. गायो पिंतो म्हणून ते ताटात वाढलं तर निकाराग्वातला माणूस नम्रपणे हसेल आणि बाजूला सारेल.

पण भात थंड होऊ लागला की मोडलेली शिस्त पुन्हा जमू लागते. अमायलोजचे लांब रेणू एकमेकांशेजारी येऊन घट्ट बसतात. या घटनेला नावही आहे, स्टार्चचं प्रतिगमन. रात्रभरात शितं टणक, कोरडी आणि सुटी होतात. फ्रिजच्या थंडाव्यात हे आणखी जोरात चालतं. आता सकाळी भात परत गरम केला की काय व्हावं? फांद्याफांद्यांच्या अमायलोपेक्टिनची नवी रचना ६० अंशांच्या आसपास पुन्हा सैलावते, म्हणून शीत खाताना मऊ लागतं. अमायलोजची रचना मात्र उकळत्या पाण्याच्या तापमानालाही मोडत नाही. त्यामुळे शीत आतून मऊ आणि तरीही सुटंच्या सुटं राहतं. ताज्या भाताला हे कधीच जमणार नाही. आपल्या घरचा फोडणीचा भात ताज्या भाताचा का करत नाहीत, याचं उत्तरही मिळालं ना? कुणी तुम्हाला म्हणालं, की शिळा भात म्हणजे उरलंसुरलं, तर त्याला हे सगळं समजावून सांगा. रात्रभर त्या भातावर काम चालू असतं.

फक्त एक अट. भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते इतके चिवट की शिजवूनही मरत नाहीत. कोमट भात त्यांना मिळाला की ते जागे होतात, वाढतात, आणि एक असं विष बनवतात जे नंतर कितीही परतलं तरी जात नाही. फ्रिजमध्ये त्यांना वाढायला फारसं जमत नाही. म्हणून शिळा भात हवा, पण थंडीत झोपवलेला.

रविवार : कढई

कढईत दोन चमचे तेल. बारीक चिरलेला कांदा, चिरलेली लाल ढोबळी मिरची आणि ठेचलेला लसूण परता. कांदा कडेने सोनेरी झाला की दीड-दोन वाट्या शिजलेला घेवडा घाला आणि त्याचं अर्धी वाटी पाणी. ते चरचरून थोडं आटलं की तीन वाट्या कालचा भात, हाताने मोकळा करून. आता हलकेच परता आणि शितांकडे बघा. कोरडी शितं ते गडद पाणी शोषून घेतात आणि रंगत जातात, पण सगळी सारखी नाही. काही तपकिरी, काही पांढुरकी राहतात, मधून मधून दाणे. झाले ठिपके! शेवटी मीठ आणि मूठभर कोथिंबीर. लिसानो सॉस आपल्याकडे सहज मिळत नाही. मी त्याऐवजी चिमूटभर जिरेपूड आणि चमचाभर चिंचगुळाचा कोळ घालते. तिथली रीत ती नव्हे, पण चवीचा रोख साधारण तिकडेच जातो. निकाराग्वाच्या बाजूचे असाल तर ढोबळी मिरची आणि कोळ दोन्ही विसरा, फक्त कांदा, तेल आणि धीर.

सोबत अंडं, किंवा घट्ट दही. पिकलं राजेळी केळं मिळालं तर त्याचे काप तळाच. खारट, आंबट आणि गोड एकाच घासात आलं की समजतं, तिथली मुलं सकाळी इतक्या आनंदाने का उठत असतील.

आणि हो, दुपारी पोटात गुडगुड झाली तर दचकू नका. घेवड्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या मोडायला लागणारं विकर आपल्या शरीरात नसतंच. त्या न पचता थेट मोठ्या आतड्यात जातात, आणि तिथे राहणारे कोट्यवधी जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. ते कुठल्या वाटेने बाहेर पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे! भिजवलेलं पाणी फेकल्याने या साखरा थोड्या कमी होतात.

ळ संपला तर?

भात आणि घेवडा ही जोडी नुसती चवीची नाही. आपलं शरीर प्रथिनं बांधतं ती अमिनो आम्लांपासून. ती वीस तऱ्हेची असतात. त्यातली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात.

समजा तुमच्याकडे अक्षरांच्या ठोकळ्यांचा एक डबा आहे. सगळी अक्षरं भरपूर, पण ळ मात्र दोनच. 'कमळ' लावलंत, 'बाळ' लावलंत, झालं. आता 'सकाळ' लावता येणार नाही, डब्यात क आणि स ढिगाने पडलेले असले तरी. तांदळाच्या डब्यात लायसिन हा तो ळ आहे. बाकी अमिनो आम्लं असूनही लायसिन संपलं की शरीराचं बांधकाम अडतं. घेवड्याच्या प्रथिनात लायसिन तांदळाच्या जवळजवळ दुप्पट. पण त्याच्या डब्यात दुसरंच एक अक्षर कमी आहे, मेथिओनिन. आणि ते तांदळात आहे! दोन डबे एकत्र ओतले की दोघांचेही शब्द पूर्ण होतात. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले की पुरतं. वरण-भात, खिचडी, वालाची आमटी आणि भात, सगळीकडे हाच हिशोब जुळलेला आहे.

घेवड्यात इतकं प्रथिन येतं तरी कुठून? प्रथिनासाठी नायट्रोजन लागतो. हवेत तो ७८ टक्के आहे, पण झाडांना तो थेट वापरता येत नाही. शेंगांच्या झाडांनी मात्र जमिनीतल्या रायझोबियम जिवाणूंशी मैत्री केली आहे. ते मुळांवरच्या गाठींत राहतात, हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. पावसाळ्यात कुणाच्या शेतात सोयाबीन फुलावर असेल, तर त्यांना विचारून एक रोप मुळासकट हलकेच उपटा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबडी दिसेल! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं चुलत भावंड शोभेल असं एक द्रव्य तिथे असतं, लेगहिमोग्लोबिन. ऑक्सिजनमुळे जिवाणूंचं काम बिघडतं, म्हणून ते मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर समजा, तिचं काम संपलं.

राखेखालचा घेवडा

आता एक गंमत. ज्या मध्य अमेरिकेत आज भात आणि घेवड्याशिवाय सकाळ होत नाही, तिथे सहाशे वर्षांपूर्वी भाताचं एक शीतही नव्हतं.

घेवडा होता. तो मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोच्या भागात आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात माणसांनी तो हजारो वर्षांपूर्वी वेगवेगळा माणसाळवला. त्याचा जोडीदार तेव्हा मका होता. शेतात मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढायचा आणि खाली भोपळा पसरायचा. मक्यातही लायसिन कमीच, म्हणजे अडलेला ळ तेव्हाही घेवडाच पुरवत होता.

याचा एक थरारक पुरावा एल साल्वादोर देशात मिळाला. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला राखेखाली एक घर लागलं. होया दे सेरेन हे माया लोकांचं गाव सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी शेजारच्या ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं. माणसं निसटली असावीत, कारण घरांत एकही मृतदेह सापडला नाही. पण भांडी जागच्या जागी, जेवणानंतर धुवायची राहिलेली. मक्याची रोपं राखेत उभीच्या उभी उमटलेली. आणि मडक्यांत साठवलेला घेवडा! १९९३ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा मान दिला.

तांदूळ आला तो समुद्रावरून. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला, त्यानंतरच्या शतकात स्पॅनिश लोकांनी तांदूळ तिकडे नेला. ज्यांना पकडून, साखळदंडांनी बांधून गुलाम म्हणून नेलं, त्या आफ्रिकन माणसांमध्येही पिढ्यान् पिढ्या भात पिकवणारे आणि रांधणारे होते. पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या काठी तांदळाची एक वेगळी जात माणसाळवली गेली होती. इतकं हिरावून घेतलं गेल्यावरही त्यांनी आपलं ज्ञान जपलं, आणि आज अमेरिका खंडात भात आणि कडधान्यांचे इतके पदार्थ दिसतात त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. हे मला तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण पाककृतीच्या पुस्तकांत ते सहसा नसतं.

कोस्टा रिकाच्या पूर्व किनाऱ्यावर लिमोन नावाचं बंदर आहे. राजधानी सान होसेपासून तिथवर रेल्वे बांधायचं काम १८७१ मध्ये सुरू झालं आणि १८९० मध्ये पुरं झालं. त्या कामावर जमैका बेटावरून हजारो मजूर आले, त्यांनी सोबत आपली रीत आणली. म्हणून लिमोनमध्ये घेवडा-भात परतत नाहीत, नारळाच्या दुधात एकत्र शिजवतात. वर एक जहाल मिरची अख्खीच ठेवतात, ती फुटू न देता शेवटी अलगद काढून घेतात. तिखटपणा मिरचीतच राहतो, वास मात्र भाताला लागतो. आणि तो नारळ कुठला? अटलांटिकच्या बाजूचे नारळ हे हिंद महासागराकाठच्या नारळांचे वंशज आहेत, असं त्यांच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. पोर्तुगीज जहाजांतून ते तिकडे गेले. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माडांचे ते नातलगच!

कोस्टा रिकाच्या पलीकडे पनामा. तिथे नाताळच्या जेवणात एक खास भात असतो, आरोस कोन ग्वांदू. हिरवे कोवळे ग्वांदूचे दाणे, तांदूळ आणि नारळाचं दूध. ग्वांदू म्हणजे काय असेल? तूर! तूर मूळची भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन समुद्राकाठी पोचली. आपला वाघ्या घेवडा मूळचा त्यांचा आणि त्यांचा नाताळचा ग्वांदू मूळचा आपला.

त्याच सुमारास, हिवाळ्यात, विदर्भात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलल्या जातात आणि घरोघरी सोलेभात शिजतो. तोच दाणा, तोच तांदूळ, फरक फक्त एवढाच की आपण मसाला घालतो आणि पनामातले लोक नारळाचं दूध. यंदा शेंगा आल्या की एका वेळेला अर्धा सोलेभात नेहमीसारखा करायला सांगा आणि अर्धा नारळाच्या दुधात. सोले सोलायचं काम तुम्ही घ्या.